दाराबाहेरची खुर्ची

प्लोव्हर फॉल्स, विस्कॉन्सिन
८ सप्टेंबर १९९८

चि. लोरेटा हिस दादाचे अ. उ. आ.

इकडे सगळे ठीक. तिकडे ॲरिझोनाच्या उन्हात तू अगदीच वाळून गेली नसशील असं धरून चालतो. फोन करत नाही याचा राग मानू नकोस. फोनवर आपलं लगेच भांडण जुंपतं आणि मर्लिस माझ्या हातातून फोन काढून घेते. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

मुद्दा बाबांचा. मागच्या महिन्यात त्यांनी पिकअप मागे घेताना समोरच्या घरची टपालपेटी खांबासकट आडवी केली. आणि वर गाडीतून उतरून पेटीलाच शिव्या, की रस्त्याच्या इतकी जवळ कोण लावतं. पेटी माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथेच आहे. उद्या पेटीच्या जागी शेजारची मुलगी सायकल घेऊन उभी असली तर?

ऐंशी ओलांडलेल्या माणसाकडून गाडीच्या किल्ल्या मागून बघ, म्हणजे कळेल. मी मागितल्याच नाहीत. दुकानातून जाताजाता त्यांच्याकडे वळलो, ते आत कॉफी ओतत होते तेवढ्यात बॉनेट उघडलं, कॉइलची वायर उपटली आणि खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, गाडी चालू होत नाही. मी गंभीर तोंडाने गेलो, बराच वेळ इंजिनात डोकं घालून उभा राहिलो (बाबा शेजारी टॉर्च धरून), आणि सांगितलं की बाबा, हा पार्ट कंपनीने बंद केलाय, मी शोधतो, पण वेळ लागेल. ते म्हणाले, बरं. ना आरडाओरडा, ना रुसवा. आता सांग, तुझा भाऊ हुशार की नाही?

दुसरी गोष्ट घराची. शुक्रवारी मासे खायला आम्ही बारमध्ये जमतो तिथे माझा दोस्त युजीन सांगत होता की म्हातारं माणूस एकदा शुश्रूषागृहात गेलं की त्या खर्चात घर लोण्यासारखं वितळतं. उपाय सोपा आहे, आत्ताच घर मुलाच्या नावावर करून टाकायचं. त्याने सासूचं केलं. सगळा बार मान डोलावत होता. तर मी बाबांचं बक्षीसपत्र माझ्या नावावर करून घेतो, आणि त्याच बैठकीत कुलमुखत्यारपत्रही, म्हणजे बँक, डॉक्टर, सगळीकडे माझी सही चालेल. तुझा वाटा माझ्या मनात लिहिलेला आहे, घाबरू नकोस. बाबांना विचारलं, त्यांनी मान हलवली. म्हणजे हो.

मर्लिसचा तुला नमस्कार. तुझी माया आमच्यावर आहे तशी राहू दे, आणि फार प्रश्न विचारू नकोस.

तुझा दादा
नॉर्ब


टुसॉन, ॲरिझोना
१७ सप्टेंबर १९९८

ती. नॉर्बदादास सा. न. वि. वि.

पत्र पोहोचलं. मी वाळलेली नाही, उलट जाड झाले आहे. तू मनात लिहिलेला माझा वाटा तिथेच ठेव, मला नकोय. पण प्रश्न विचारणार.

बाबांनी मान हलवली म्हणजे हो, हे तुला कोणी सांगितलं? आई जेवणाच्या टेबलावर बोलायला लागली की बाबा अशीच मान हलवायचे. त्याचा अर्थ त्यांचं लक्ष दुसरीकडे आहे, एवढाच असायचा.

दादा, तुझ्यासारखा टायरवाला अख्ख्या काउंटीत नाही, हे मी मानते. पण कायदा बारमध्ये शिकतात हे मला नवीन आहे. माझ्या प्रयोगशाळेत बरोबर काम करणाऱ्या बाईंच्या आईचं सगळं एका वकिलाने मार्गी लावून दिलं, आणि ते साधे वकील नव्हेत. फक्त म्हातारपणाचंच काम करतात. पुढे कोण बघणार, घर कसं राखायचं, सरकारी मदत कधी मागायची, डॉक्टरांना कोण सांगणार की आता पुरे, हे सगळं हातपाय आणि डोकं शाबूत आहे तोवर ठरवून ठेवतात. इकडच्या वकिलाला विचारलं तर त्याने तुमच्या बाजूचं एक नाव दिलं. श्रीमती टेस्मर, जुन्या गिरणी रस्त्यावर. आधी त्यांच्याकडे जा. मग काय सह्या करायच्या त्या करा.

शहाणपण लांबून शिकवणं सोपं असतं, हे तू लिहिणारच आहेस, म्हणून मीच लिहून टाकते. आईच्या दफनानंतर मी घरी आलेले नाही. भट्टी बिघडली, छप्पर गळलं, बर्फ उपसायचा झाला, की तूच. मी इथे बसून वाढदिवसाची कार्डं पाठवते. त्यामुळे हे लिहिताना माझी मान खालीच आहे. तरी लिहिते आहे.

गाडीची युक्ती हुशारीची होती यात शंका नाही. मला ती का आवडली नाही ते मात्र सांगता येत नाही.

मर्लिसवहिनींना नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी
लोरेटा


प्लोव्हर फॉल्स
९ ऑक्टोबर १९९८

चि. लोरेटा हिस अ. उ. आ.

हे पत्र दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लिहितोय आणि मर्लिसला दाखवणार नाही. तूही वाच आणि फाडून टाक.

गेलो होतो तुझ्या टेस्मरबाईंकडे, बाबांना घेऊन. जुन्या राहत्या घरातच कचेरी थाटली आहे. बाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, हात दूध काढणाऱ्या बाईसारखे मजबूत. मी खुर्ची ओढून बसलो आणि सांगितलं की दोन कागद करायचे आहेत, फार वेळ घेणार नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्हा दोघांत माझं अशील कोण? मी म्हटलं, मीच की, फी मी देणार आहे. त्या म्हणाल्या, फी कोणीही भरो, अशील हे. आणि बाबांकडे हात केला. बाबा इतके दचकले की त्यांनी टोपी काढली.

मग माझ्या बेताची सालं काढली. आवाज न चढवता. म्हणाल्या की घर असं फुकट देऊन टाकलं आणि पुढच्या तीन वर्षांत शुश्रूषागृहासाठी सरकारी मदत मागायची वेळ आली, तर सरकार पहिलं हेच विचारणार, की घर का दिलंत? आणि मदत अडणार. शिवाय घर तुमचं झालं की तुमच्या भानगडीही घराच्या. उद्या तुम्ही बसवलेलं चाक रस्त्यात निखळलं, कोणी दावा लावला, तर यांचं छप्पर त्या दाव्यात जाईल. मी म्हणालो, माझ्याकडची चाकं निखळत नाहीत. तर बाबा हळूच म्हणतात, एकदा निखळलं होतं. बाई हसल्या नाहीत, पण हसू आवरायला त्यांना कष्ट पडले.

आणि मग त्या मला म्हणाल्या, आता तुम्ही बाहेर बसा. सगळ्यांनाच सांगते मी, राग मानू नका, माझ्या सख्ख्या भावालासुद्धा बाहेर बसवलं होतं.

लोरेटा, मी पंधरा माणसांना कामावर ठेवणारा माणूस. मी पैसे मोजायचे आणि मलाच खोलीबाहेर काढायचं, असं आजवर कोणी केलेलं नव्हतं. बाहेर एक लाकडी खुर्ची, समोर रेडिओ. पोल्काची नाचगाणी चालू, चांगली मोठ्याने. मला आधी वाटलं करमणुकीसाठी लावलाय. मग लक्षात आलं की दार जुनं आहे, फट मोठी आहे, आतलं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून तो रेडिओ. चिठ्ठ्यापाकिटं सांभाळणारी मुलगी टपाल टाकायला गेली. मी एकटा. बटण हाताच्या अंतरावर.

मी ते फिरवलं. पूर्ण बंद केलं.

तुला माझे कान ठाऊक आहेत. गाडी आवारात वळते तोवर मी सांगतो कुठलं बेअरिंग गेलंय. सगळं ऐकू आलं.

बाई विचारत होत्या की तुम्हाला कशाची भीती वाटते. बाबा म्हणाले, शुश्रूषागृहाची नाही, तिथे निदान पत्त्यांना भिडू मिळतील. भीती वाटते ती ही, की मी टेबलावर बसलेला असतो आणि माझ्याबद्दल बोलणं माझ्या डोक्यावरून चाललेलं असतं, मीठ इकडून तिकडे द्यावं तसं. मग बाईंनी विचारलं, तुम्हाला सही करता येईनाशी झाली तर कोणी करावी? मी खुर्चीत सरसावून बसलो, स्वतःचं नाव ऐकायला.

ते म्हणाले, लोरेटा.

बाईंनी विचारलं की त्या तर फार लांब असतात, आणि मुलगा रोज येतो ना? बाबा म्हणाले, येतो. चांगला आहे पोरगा, माझं सगळं तोच बघतो. पण बाई, त्याने माझ्या गाडीची वायर काढून नेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. उभं आयुष्य कागद गिरणीतली यंत्रं लावण्यात गेलं, मला वायर कळत नाही? आणि दुसऱ्या दिवशी तो इंजिनात डोकं घालून उभा, मी शेजारी टॉर्च धरून उभा. मी टॉर्च नीट त्या रिकाम्या जागेवरच धरला होता. म्हटलं आता बोलेल. नाही बोलला. पार्ट येत नाही म्हणाला. ज्याला माझ्याशी खरं बोलायची फुरसत नाही त्याच्या हाती माझी सही कशी देऊ?

आणि मग म्हणाले, पण त्याला हे कळू देऊ नका हं. त्याला फार लाज वाटेल.

बाई दार उघडून बाहेर आल्या तेव्हा मी जमिनीकडे बघत होतो. त्यांनी रेडिओकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग जाऊन रेडिओ चालू केला आणि म्हणाल्या, या आत.

आत काय बोलणं झालं ते मला आठवत नाही. परत येताना बाबा म्हणाले, बाई बरी आहे, चल ॲपल पाय खाऊ. वाटेतल्या खानावळीत दोघांनी एकेक मागवला. त्यांनी स्वतःचा संपवला आणि माझाही. मला म्हणाले, पोट बरं नाही का? मी म्हटलं, हो.

आता मी रोज त्यांच्याकडे जातो आणि रोज ते विचारतात, पार्ट आला का. मला समोरच्या टपालपेटीकडेसुद्धा बघवत नाही.

माझ्यावर अजून लोभ उरला असेल तर दोन ओळी लिही.

नॉर्ब


टुसॉन
१९ ऑक्टोबर १९९८

ती. नॉर्बदादास सा. न. वि. वि.

फाडलं नाही. फाडणारही नाही.

टेस्मरबाईंचा मला फोन आला होता. तुझ्या नावाने एक अक्षर बोलल्या नाहीत, तू दाराला कान लावलास हेही नाही. एवढंच विचारलं की बाबांच्या वतीने सही करण्याची जबाबदारी घ्याल का. दादा, तुला खरं सांगते, फोन ठेवला आणि मी खुशीत घरभर फिरले. शाळेत तुझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले की फिरायचे तशी. मग तुझं पत्र आलं, आणि ती खुशी इतकी ओंगळ वाटली की मी हात धुतले.

आणखी एक. ऑगस्टच्या शेवटी बाबा फोनवर मला म्हणाले होते की नॉर्बला माझ्या गाडीचा पार्ट सापडत नाहीये, बिचारा फार शोधतोय. आणि हसले. मी म्हटलं, असेल बाई. आणि हवापाण्याकडे वळले. ते मला दार उघडून देत होते आणि मी बाहेरूनच नमस्कार करून निघाले. तेव्हा सगळी लाज एकट्याने घेऊन बसू नकोस, थोडी इकडे सरकव.

मी नाही म्हणायचं ठरवून बाईंना परत फोन केला. म्हटलं, रोज जातो तो दादा आणि सही माझी, हे दिसतं कसं? टेस्मरबाई म्हणाल्या की काम झेपत नसेल तर नाही म्हणा. भावाला वाईट वाटेल म्हणून नाही म्हणू नका, कारण मग तुम्हीही यांना न विचारता यांचं ठरवताय. झेपवीन म्हणाले. डॉक्टरांशी फोनवर बोलेन, बँकेचं बघेन, आणि नाताळला येईन. तिकीट काढलंय, म्हणून लिहिते आहे.

आता तुझं. तू जाऊन बाबांना सांग. वायरचं त्यांना माहीतच आहे. तू दाराशी ऐकत होतास हे सांग. माझ्याकडून निरोप पाठवायचा बेत असेल तर विसर. मी तुझी धाकटी बहीण आहे, तुझं कुरिअर नव्हे.

पार्ट आला का, हे ते रोज का विचारतात ते तुला खरंच कळत नाही? इतके चांगले कान असून?

वहिनींना नमस्कार. लोभ उरलाय का विचारलंस. मोजून बघितलेला नाही, पण संपलेला नाही.

तुझी
लोरेटा


प्लोव्हर फॉल्स
९ नोव्हेंबर १९९८

चि. लोरेटा हिस अ. उ. आ.

सांगितलं.

सांगायला इतके दिवस लागले याबद्दल बोलू नकोस. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन ठरवलं की आज त्यांना सर्दी आहे, आज नको. सर्दी मला होती.

काल चर्चमधून आल्यावर त्यांच्या स्वयंपाकघरात पत्ते मांडले होते. त्यांनी पत्ते वाटले. मी माझे उचललेच नाहीत. म्हणालो की बाबा, त्या दिवशी वकीलबाईंकडे मी रेडिओ बंद केला होता.

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर किती बरं झालं असतं. त्यांचे कान लाल झाले, लोरेटा. ऐंशी वर्षांच्या माणसाचे कान. त्यांनी विचारलं, किती ऐकलंस? मी म्हटलं, सगळं. ते उठले, सिंकपाशी गेले आणि धुतलेला कप परत धुवायला लागले. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले की मी परक्या बाईपाशी तुझी चहाडी करायला नको होती, तोंडावर बोलायला हवं होतं. म्हणजे बघ, दाराशी कान मी लावला आणि लाजले ते.

मी वायर खिशातून काढून टेबलावर ठेवली. ते म्हणाले, राहू दे तुझ्याचकडे. मग बसले आणि बोलले. असे ते माझ्याशी कधी बोललेले मला आठवत नाहीत. म्हणाले की तू किल्ल्या तोंडाने मागितल्या असत्यास तर मी नाहीच म्हटलं असतं. परत मागितल्या असत्यास तर शिव्या घातल्या असत्या, घराबाहेर काढलं असतं. पण तू विचारत राहिला असतास तर कधीतरी दिल्या असत्या. ती टपालपेटी मला दिसलीच नव्हती रे. समोर असून दिसली नव्हती. हे मी कोणाला सांगणार? तू विचारलं असतंस, तर तुला.

आणि माझ्या तोंडातून निघालं ते काय, तर सहीचं काय? इतका निर्लज्ज आहे मी. ते म्हणाले, सही लोरेटाचीच. ते बदलणार नाही. मी म्हटलं, बरं. मनात लागलं. अजून लागतंय, खोटं कशाला लिहू.

परवा बुधवारी त्या सह्या व्हायच्या आहेत. घर बाबांच्याच नावावर राहणार, त्याचं काय करायचं ते टेस्मरबाई त्यांच्याशी बोलून ठरवणार. मी गाडी चालवणार आणि बाहेर बसणार. रेडिओ असा लावीन की बाईंनी येऊन कमी करा म्हणावं.

एक राहिलं. निघताना न्हाणीघरात गेलो होतो. टबापाशी धरायला काहीच नाही, भिंत गुळगुळीत. माझ्या गाडीत ड्रिल होतं, पोलादी कडी दुकानात पडलेली आहे. त्यांचं दुपारचं झोपणं होईपर्यंत काम झालं असतं. माझा हात शिवशिवला, तुला सांगतो. पण बाहेर आलो, टोपी हातात घेतली आणि विचारलं की बाबा, टबापाशी धरायला एक कडी बसवू का? ते म्हणाले, नको. मी काय पांगळा झालोय?

मी म्हटलं, बरं. पुढच्या रविवारी परत विचारीन.

तुला माझ्याविषयी जे काही वाटत असेल ते वाटू दे, पण नाताळला ये.

तुझा दादा
नॉर्ब


प्लोव्हर फॉल्स
७ डिसेंबर १९९८

चि. लोरेटा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तुझी आई होती तोवर ती लिहायची आणि खाली माझं नाव घालायची. अक्षर लागलं नाही तर वहीचा दोष, डोळे माझे ठीक आहेत. ठीक नाहीत, पण लिहिण्यापुरते आहेत.

सह्या झाल्या. नाव तुझं आहे. तुला जमलं नाही, आजारी पडलीस, कंटाळलीस, तर नॉर्बचं, हे मी माझ्या मनाने घालायला सांगितलं. टेस्मरबाईंनी दोनदा विचारलं की नक्की ना? मी म्हटलं, नक्की. त्याला सांगितलेलं नाही. तू आलीस की तुझ्यासमोर मी स्वतः सांगेन. दाराआडून पुरे झालं.

मी त्याच्याविषयी त्या खोलीत बोललो त्याची लाज मला अजून आहे. बोललो ते खरं होतं, तरी आहे. तो लहान असताना मीही त्याला कधी काही विचारलं नाही. शाळा सुटली की गिरणीत चल, असं सांगितलं. तो गेला नाही आणि टायर विकायला लागला, तर वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही. विचारायचं कसं असतं हे त्याने कोणाच्या घरी बघायचं होतं?

पिकअप त्याने विकून दिली, माझ्या सांगण्यावरून. आता दर रविवारी तो मला चर्चला नेतो, मग पत्ते, आणि निघताना दारात टोपी काढून विचारतो, बाबा, कडी बसवू का? मी नाही म्हणतो. पहिल्यांदा तो बरं म्हणाला, पण चिडूनच गेला. नंतर काय रंगाची असते, किती वजन पेलते, ते सांगू लागला. मागच्या रविवारी म्हणाला की तुम्हीच जागा दाखवा, कुठे हवी ती. मी तेव्हाही नाही म्हटलं.

तुला म्हणून सांगतो, कडी मला हवी आहे. टबात पाय टाकताना मी लटपटतो हे मला त्याच्या आधीपासून माहीत आहे. हल्ली मी टबात उतरतच नाही, सिंकपाशी खुर्चीवर बसून अंग पुसतो, तेव्हा काळजी नको. तू येशील त्या रविवारी हो म्हणणार आहे. पण पोर आता विचारतं आणि उत्तरासाठी थांबतं. थांबलं की त्याचा चेहरा त्याच्या आईसारखा दिसतो. तेवढ्यासाठी दोन रविवार मी आणखी घेणार.

त्याला सांगू नकोस. थंडीचे कपडे आण. आमच्यावर जीव आहे तो असाच असू दे.

तुझे
बाबा